घरचा आकडा

मित्रांनो, मी एक जुनी एअर रायफल आहे. शहाद्याला, पूर्वी कापूस साठवायचे त्या गोदामात, लाकडी घोडीवर मी ठेवलेली असते. माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पुण्याच्या एका क्लबने मला वीस वर्षे वापरली आणि जुनी झाल्यावर रायसिंग सरांना देऊन टाकली. सर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी माझा दस्ता तेल लावून चमकवला आणि म्हणाले, "ही आपल्या तिघींची."

तिघी म्हणजे कोरीटची रोहिणी, शहाद्याची दीपमाला आणि नवापूरकडून वसतिगृहात आलेली रिबेका. तिघींचा एक संघ आणि तिघींत मी एकटी.

सर मला पुसता पुसता मुलींना गोष्टी सांगत. "१८९७ साली फ्रान्समध्ये नेमबाजीची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पाच देश, प्रत्येकाचे पाच जण. तीनशे मीटरवर उभे राहून, गुडघ्यावर बसून, पालथे पडून नेम धरायचा आणि पाचही जणांच्या गुणांची बेरीज करायची. ऑलिंपिकमध्येही रायफलचे संघ होते. १९२४ नंतर ते बंद झाले. जवळजवळ शंभर वर्षांनी टोकियोत परत आले, तेही एक मुलगा आणि एक मुलगी अशा जोडीने. पण बेरीज तीच! संघात कोणाचेच गुण वगळत नाहीत, बाई."

माझ्या मागच्या बाजूला नेम जुळवायचा एक स्क्रू आहे. तो फिरवला की टिक असा आवाज होतो आणि एका टिकेला छर्रा लक्ष्यावर एक वर्तुळ, म्हणजे एक गुण, सरकतो. प्रत्येकीचा डोळा वेगळा, म्हणून प्रत्येकीच्या टिकाही वेगळ्या. त्यासाठी सरांनी नियम केला होता: आपली पाळी झाली की स्क्रू शून्यावर आणायचा, मगच रायफल पुढचीच्या हातात द्यायची. शून्याला मुली 'घरचा आकडा' म्हणत. छर्रे मोजकेच असल्यामुळे चाचणीचा छर्रा आमच्याकडे कोणी उडवत नसे. घरच्या आकड्यावर सगळ्यांचा भरवसा.

एखादीचा नेम चुकला की रोहिणी चिडवायची, "छर्रा कोठे जाई ऱ्हायना तुन्हा? नवापूरनी यष्टी धरी का काय?"

गेल्या वर्षी नंदुरबारला विभागीय स्पर्धा होती. पहिला संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. प्रत्येकीला वीस छर्रे आणि अर्धा तास. रोहिणी आणि दीपमाला यांचे मिळून ३६० गुण झाले. समोरच्या संघाची बेरीज ५४०. रिबेकाने १८० केले, तर बरोबरी होऊन आणखी एक फेरी मिळणार होती.

दीपमाला खूश होऊन रेषेवरून आली आणि तिने घाईघाईने मला रिबेकाच्या हातात दिले. मित्रांनो, त्याच क्षणी माझा जीव धसकला. स्क्रू शून्यावर नव्हता! दीपमालाच्या डाव्या बाजूच्या तीन टिका तशाच राहिल्या होत्या. मला ते ठाऊक होते, पण मला तोंड कुठे आहे?

रिबेकाने आकडा न बघता आपल्या टिका मोजून लावल्या आणि सवयीप्रमाणे चाचणी घेतलीच नाही. श्वास रोखला, घोडा दाबला. सात. तिने खांदा सैल केला आणि पुन्हा दाबला. पुन्हा सात, त्याच जागी. आपलाच नेम चुकतो आहे असे तिला वाटले. तिचा घाम माझ्या दस्त्यावर उतरला. ती मला उचलायची, नेम धरायची आणि न दाबताच खाली ठेवायची. घड्याळ पुढे पळत होते. शेवटी तिने हात वर केला आणि पंचांना विचारून ती रेषेमागे सरांकडे गेली.

दीपमाला तिथेच उभी होती. रेषेवर ठेवलेल्या माझ्याकडे पाहताच तिला स्क्रू आठवला आणि तिचा चेहरा उतरला. ती गप्प राहिली असती, तर कोणाला काही कळले नसते.

"रिबेका, मन्ही चूक शे," ती म्हणाली. "तीन टिक मांगे लेवानं राही गयं."

"खरं सांगतेस, की मला धीर देतेस?"

"खरंच. तुन्ही शप्पथ."

रिबेका धावत परतली. टिक, टिक, टिक. अठरा छर्रे आणि सतरा मिनिटे उरली होती. दहा. नऊ. दहा. माझी हवा धरणारी रबरी चकती जुनी झाली आहे, पण त्या दिवशी मी हवेचा कणही सांडू दिला नाही. एकोणीस छर्ऱ्यांचे १७० झाले. आता दहाच हवे होते.

शेवटचा छर्रा सुटला. दहाचा ठिपका म्हणजे खसखशीचा दाणा. भोक त्याला टेकले की नाही, साध्या डोळ्यांना कळेना. पंचांनी भोकात मापाची काडी घातली, भिंग धरले, आणि पुन्हा धरले.

"नऊ."

बेरीज ५३९. एका गुणाने आम्ही बाहेर.

दीपमाला भिंतीकडे तोंड करून रडू लागली. रिबेका मला घेऊन तिच्याजवळ गेली. ओरडेल असे मला वाटले. पण तिने मला दीपमालाच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "धर. घरचा आकडा बघून मोठ्याने सांग."

दीपमालाने डोळे पुसले आणि स्क्रू दोनदा तपासला. "शून्य."

"आता रोहिणीला दे."

"शून्य," रोहिणीही म्हणाली. या वेळी तिने थट्टा केली नाही.

तेव्हापासून आमच्या गोदामात मला हातात देणारी आकडा बोलते आणि घेणारी तो पाहून परत बोलते. यंदाही स्पर्धेसाठी तिघींची नावे गेली आहेत. मित्रांनो, मी आणखी किती वर्षे टिकेन, सांगता येत नाही. म्हणून एवढेच मागते: वही असो, सायकल असो की माझ्यासारखी जुनी रायफल, वापरून झाली की ती घरच्या आकड्यावर आणून मगच पुढच्याच्या हातात द्या. तुमच्यानंतर तिथे उभा राहणारा तुमच्या भरवशावर श्वास रोखत असतो.