रजईशिवाय

ताईच्या बास ड्रमच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पोटात कायम एक जुनी रजई असे. ती बाबांनी भरली होती. खालच्या मजल्यावरच्यांची झोप, वरच्या मजल्यावरचे बाळ आणि आमची अब्रू, या तिन्हींचे रक्षण ती एकटी करत असे. तोंडावर हात ठेवलेल्या माणसाशी वर्षानुवर्षे बोलत राहावे, तसा ताईने त्या ड्रमवर सराव केला. मी भिंतीपलीकडे पुस्तक उघडून तो दबका धप्प ऐकत मोठा झालो. मला बोलणे फारसे कधी जमले नाही. ऐकणे मात्र तेव्हापासून जमते. मामाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाच्या कामाला लागलो, तो बहुधा म्हणूनच.

ताईच्या पहिल्या गाण्याचे ध्वनिमुद्रण तिथेच ठरले. गाणे मामा बाजारात आणणार होता, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. ताईने ड्रम मांडला, समोरचे कातडे उघडले (प्लॅस्टिकचे असले तरी आम्ही कातडेच म्हणतो), रजई ओढून काढली आणि कातडे पुन्हा ताणून बसवले. मग पेडलवर पाय दिला.

आवाज आला, आणि गेला नाही. कोपऱ्यांत जाऊन, फरशीवरून परत येऊन तो माझ्या पोटऱ्यांपाशी रेंगाळला. ताईने दुसरा ठोका दिला नाही. ओठ मिटून ती ऐकत राहिली.

"असा आहे होय हा," ती म्हणाली.

काचेपलीकडून मामाचा आवाज स्पीकरमधून आला. "ड्रम आहे की पाण्याची टाकी? रजई घाल परत. आणि समोर वीतभर भोक पाडा, माइक आत जाऊ दे."

"भोक पडणार नाही. रजईही जाणार नाही."

"अगं, नुसतं घुमतंय ते! गाणारीचा आवाज चिखलात रुतेल."

"रुतू दे. ती ओढून काढेल."

गाणारी, म्हणजे ताईची मैत्रीण, स्टुलावर बसून केळे खात होती. "मला विचारा की कुणीतरी," ती म्हणाली. कुणी विचारले नाही.

मामाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. बंद ड्रमपुढे माइक ठेवला तर घुमणे मिळते, ठोक्याची धार मिळत नाही. "भाचेबुवा, समजाव तुझ्या बहिणीला," तो म्हणाला. मी समजावेन याची त्याला खात्री होती. आजवर मी कुणालाच नाही म्हटले नव्हते.

मी एक माइक ड्रमपुढे हातभर अंतरावर ठेवला. दुसरा मागे, ताईच्या पायाशी, जिथे पेडलचा लोकरी गोळा कातड्यावर आदळतो तिथे. मग काचेपलीकडे मामाशेजारी जाऊन, ताई ठोके देत असताना, दोन्ही एकदम उघडले. आवाज पातळ झाला. जणू कुणी ड्रम उचलून नेऊन पुठ्ठ्याचा खोका ठेवला.

मामा खुर्चीत रेलला. "झालं? तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं."

कारण मला ठाऊक होते. ठोका पडला की मागचे कातडे आपल्या माइकपासून दूर जाते आणि पुढचे आपल्या माइककडे झेपावते. एक श्वास घेतो तेव्हा दुसरा सोडतो, आणि दोघे एकमेकांना पुसून टाकतात. श्वास उलटवणारे एक छोटे बटण असते. मागच्या माइकसाठी ते मी दाबले.

ड्रम परत आला. धारेसकट, पोटासकट. कानावर हेडफोन असलेल्या ताईने काचेतून माझ्याकडे पाहिले.

मामाने हनुवटी खाजवली. "चांगलाय," तो म्हणाला. मला हायसे वाटणार, तोच त्याने आवाज खाली आणला. "वाजवू दे तिला मनासारखं. नंतर प्रत्येक ठोक्याच्या जागी मी कॉम्प्युटरमधला तयार ठोका बसवतो. तिला पत्ताही लागणार नाही. तू बोलू नकोस."

म्हणजे पुन्हा रजईच. या वेळी डोळ्यांना न दिसणारी.

मी उठून आत गेलो. ताई आणि गाणारी यांच्यामध्ये आवाज अडवणारे जाड लाकडी फळे उभे होते. ते एकेक करून भिंतीकडे सरकवले. गाणारीचा माइक उचलून ड्रमसमोर, दोन पावलांवर आणला.

"हे काय चाललंय?" ताईने विचारले.

मी तिला सगळे सांगितले, मामाचा बेतही. माइक उघडे आहेत आणि काचेपलीकडे शब्द न् शब्द ऐकू जातो आहे, हे मला माहीत होते. "दोघींचं एकत्रच घेऊ," मी म्हणालो. "तुझा ठोका हिच्या आवाजात मिसळेल. मग तो काढायचा तर गाणंच काढावं लागेल."

"आणि मी चुकले तर?" गाणारी म्हणाली.

"तर सगळं पहिल्यापासून."

"चुकू नकोस," ताई म्हणाली.

स्पीकर खरखरला. "भाचेबुवा, फळे जागेवर ठेव."

नेहमीची वाट समोर होती: मान खाली, फळे जागेवर, आणि मग कित्येक दिवस स्वतःशीच भांडण.

"नाही, मामा."

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो. तू रेकॉर्डिंग सुरू कर, नाहीतर मी येऊन करतो."

गाणारीने केळ्याची साल हळूच स्टुलाखाली ठेवली.

"गाढवा," शेवटी स्पीकर म्हणाला, "मग दार तरी नीट लाव. बाहेरच्या पंख्याची घरघर येतेय."

मी दार लावले. खाली बोटभर फट उरली होती. फरशीवर पडलेली रजई उचलून मी त्या फटीत कोंबली, पायाने दाबली आणि तिथेच श्वास रोखून उभा राहिलो.

लाल दिवा लागला. ताईने पेडलवर पाय दिला.