अठ्ठेचाळीस की चोपन्न

आमच्या हरफिय्यीनच्या, म्हणजे गाड्यांच्या कारागिरांच्या, बाजारात जुन्या ब्रेकचा पार्ट कुणी कागदावरचं मॉडेल वाचून घेत नाही. मॉडेल एक, साल एक, तरी चाकाला ब्रेक लावणारा कॅलिपर एका गाडीला एका मापाचा आणि दुसरीला भलत्याच. म्हणून गिऱ्हाइकाने आपला जुना कॅलिपर काढून आणायचा आणि आमच्या उस्तांच्या, म्हणजे बाजारातल्या उस्तादांच्या, मांडीवर ठेवायचा. उस्ता पिस्टनच्या भोकात अंगठा घालून फिरवणार आणि माप सांगणार. चार वर्षांपूर्वी साखरेने त्यांचे डोळे नेले, तरी अंगठा चुकला नाही. त्यांनी सांगितल्यावर कुणी मोजून बघितलं, तर तो त्यांच्या दाढीला हात घातल्यासारखा अपमान.

आणि मी, त्यांची बायको तहिया, गेले दोन महिने तो अपमान रोज चोरून करत होते. ईदनंतर एकदा त्यांनी चोपन्न मिलिमीटर सांगितलं आणि मी सहज मोजलं, तर निघालं अठ्ठेचाळीस. तेव्हापासून मी पार्ट गुंडाळायचं निमित्त करून पडद्यामागे जायची, मोजायची, चुकला असेल तर गुपचूप बदलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळा बाजार ज्याला उस्ता म्हणून सलाम करतो, त्याला मी तोंडावर काय सांगू?

सोमवारी अवातिफ आली. बिचारी विधवा, मिनीबसमधून चौदा मुली शाळेत नेते-आणते. तिच्या डाव्या चाकाचा कॅलिपर जाम झाला होता.

"उस्ता, आजच हवा हो. उद्या शाळा आहे."

उस्तांनी अंगठा फिरवला. "चोपन्न. तिसऱ्या फळीवर, उजवीकडे."

मी तिचा जुना कॅलिपर पडद्यामागे नेऊन मोजला. अठ्ठेचाळीस! आणि आमच्याकडे अठ्ठेचाळीसचा एकही शिल्लक नव्हता. दोन चाकांना दोन मापं बसली की ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते, आणि आत चौदा पोरी.

बाहेर येऊन म्हटलं, "संपलाय, उस्ता."

"संपला कसा? काल मी स्वतः ठेवलाय. डोळे माझे गेलेत की तुझे, गं?"

अवातिफ हसली. उस्ता उठले, पावलं मोजत फळीपाशी गेले आणि चोपन्नचा कॅलिपर आणून तिच्या पिशवीत टाकला. "घे पोरी, बिनधास्त बसव."

"तुम्ही म्हणालात ना, मग झालं तर," म्हणत ती निघालीसुद्धा.

मी पिशवी धरली. "नाही न्यायचा! तुझा अठ्ठेचाळीस आहे."

उस्ता जागच्या जागी थांबले. "मोजलंस?"

"मोजलं."

"मी सांगितल्यावर?"

"हो, तुम्ही सांगितल्यावर! दोन महिने मोजतेय!"

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. ते खाली बसले, जुना कॅलिपर मागून घेतला आणि पुन्हा अंगठा घातला. बराच वेळ फिरवत राहिले.

"काही कळत नाही, तहिया. चहाचा पेला भाजतो तेही कळत नाही."

"अहो, मग माप कुठून सांगत होतात?"

"अंदाजाने. तू मागे मोजतेस ते ठाऊक होतं मला. पार्ट गुंडाळायला एवढा वेळ लागतो का कुणाला? आजही वाटलं, गुंडाळताना बदलशील."

आता मात्र माझं डोकंच फिरलं. "आणि गेल्या गुरुवारी? दिवसभर बहिणीकडे होते मी! त्या दिवशी काय काय विकलंत? कुणाच्या गाडीत काय बसलंय आता?"

"काही नाही विकलं," ते हळूच म्हणाले. "तू गल्लीबाहेर पडलीस आणि मी शटर ओढून आत बसलो. लोक ठोकत होते. मी गप्प. दारावरून जाणाऱ्या तामियाच्या वडेवाल्यालाही हाक मारली नाही, कुणी आत येईल म्हणून."

साखरेचा माणूस, असल्या उकाड्यात, उपाशी, एकटा! मला रडूच कोसळलं.

"मला सांगायचं नाही का हो?"

"तू एवढ्या मायेने माझी लाज राखत होतीस. माझा धीर झाला नाही."

अवातिफने ओढणीने डोळे पुसले. "अहो, तुम्ही दोघं रडत बसा. माझ्या कॅलिपरचं काय?"

मी समोरच्या दुकानातल्या शुक्रीला हाक मारून अठ्ठेचाळीसचा मागितला. वीस वर्षांपासूनचा आमचा स्पर्धक, चार-पाच गिऱ्हाइकांसकट कॅलिपर घेऊन आला आणि अदबीने उस्तांच्या मांडीवर ठेवला. "बघा उस्ता, तुम्ही हो म्हणालात की झालं."

उस्तांचा अंगठा सवयीने भोकाकडे गेला. मग त्यांनी हात मागे घेतला.

"आधी तहियाला मोजू दे," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. "माझा अंगठा गेलाय."