नाठाळांच्या कोपऱ्यातली जागा

कुरिशुमूलाच्या चर्चचं कबरस्तान दोन भागांत होतं. पुढे संगमरवरी क्रूस, फुलं, मेणबत्त्या. तिथे सज्जन निजलेले. मागे भिंतीलगत, जिथे केळसुद्धा धड उगवत नव्हती, तो नाठाळांचा कोपरा. जीव दिलेले, चर्चबाहेर लग्न केलेले आणि कम्युनिस्ट, सगळे तिथे एकमेकांच्या उरावर. त्यांना घंटा नाही की पाद्री नाही, खड्डा खणायचा आणि लोटून द्यायचं. वर गेल्यावर देवाचा गोंधळ उडेल अशी चर्चला काळजी असावी, म्हणून ही इथूनच केलेली निवड.

गाव जिला मानानं चेडत्ती, म्हणजे थोरली बहीण, म्हणे त्या कुंजन्नमचा नवरा पोरिंचू मागच्या कोपऱ्यात जाणार, हे गाव धरूनच चाललं होतं. फार पूर्वी, कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं सरकार आलं तेव्हा, त्या वेळच्या पाद्र्यानं वेदीवरून सांगितलं होतं की लाल बावट्याला मत देणाऱ्याला पुरायला इथे माती मिळणार नाही. पोरिंचू भर प्रवचनात उठला, मुंडू वर खोचला आणि बाहेर पडला तो पडलाच. आता छाती भात्यासारखी वाजत होती, डॉक्टरनं हात टेकले होते, पण गडी हटायला तयार नाही.

"अहो, एकदा पापांची कबुली द्या ना," कुंजन्नम पेजेचा चमचा पुढे करत म्हणाली. "तोंडानं नुसतं म्हणायचं तर आहे!"

"मी काय कोणाच्या कोंबड्या चोरल्यात?"

"मग मी मेल्यावर पुढे आणि तुम्ही मागे? मधे ती अख्खी अंबूक्कन घराण्याच्या कबरींची रांग? जन्मभर तुमचं घोरणं ऐकलंय मी. एवढी शांतता मला झेपायची नाही."

पोरिंचूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग चेडत्तीनं मुंडूच्या निऱ्या नीट केल्या आणि तरातरा पाद्र्याचं घर गाठलं. इरिम्पन अच्चन, म्हणजे फादर, अप्पम आणि अंड्याच्या रश्श्यात गुंतले होते.

"अच्चो, तो हट्टी मेला ऐकत नाही. तेव्हा मलाही मागेच पुरा."

अच्चनना ठसका लागला. "चेडत्ती, रोज पहाटे मिस्साच्या प्रार्थनेला येणाऱ्या बाईला मी नाठाळ कसं म्हणू? ती जागा अशी फुकट मिळत नाही, कमवावी लागते."

"कमावते की!" असं ठणकावून ती परतली.

पण जन्मभर चांगलं वागलेल्या माणसाला एकाएकी बिघडणं फार जड जातं. ईस्टरची कबुली न देणं हे मोठं पाप, म्हणून ती घरात दडून बसली. तर आजारी नवऱ्यामुळे बिचारीला बाहेर पडता येत नाही असं समजून अच्चनच प्रसाद घेऊन दारात हजर! परत कसं पाठवायचं? मग निवडणुका आल्या. लाल बावटा खांद्यावर घेऊन ती पक्षाच्या मोर्च्यात शिरली. चर्चसमोर मोर्चा आला आणि सवयीनं बाईनं मधेच गुडघे टेकले, कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला. मागचे कॉम्रेड तिच्यावर धडकले, घोषणा घशात अडकल्या. रविवारी अच्चन वेदीवरून गहिवरून म्हणाले, "लांडग्यांच्या कळपात शिरून साक्ष देणारी आपली कुंजन्नम चेडत्ती पाहा!" बायकांनी वळून वळून पाहिलं. चेडत्तीनं कपाळाला हात लावला.

मतदानाच्या आधीच्या रविवारी तिनं ठरवलं, आज काय ते होऊन जाऊ दे. बिशपांचं पत्र वाचायला अच्चननी चष्मा चढवला. खऱ्या ख्रिस्ती माणसानं कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा, ते नाव न घेता पण बोट धरून दाखवल्यासारखं सांगितलेलं. चेडत्ती उठून उभी राहिली.

"अच्चो, शिक्का मी मारायचा का बिशपांनी?"

अच्चननी चष्म्यावरून पाहिलं.

"बसा, चेडत्ती."

"नाही बसत! असल्याच सांगण्यापायी माझा नवरा माझ्या शेजारून उठून गेला. तेव्हापासून या बाकावर मी एकटी. देवानं मला एक नवरा दिला आणि एक मत. नवरा तुम्ही नेलात. मत माझं आहे, त्याला हात लावायचा नाही!"

"उद्याच्या उद्या येऊन याची कबुली द्या!" अच्चन लालबुंद झाले होते.

"याची? कद्धी नाही!"

"मग मागच्या कोपऱ्यातच जाल!"

"देव तुमचं भलं करो, अच्चो!" असं म्हणून ती निघाली ती जवळजवळ पळतच. वाटेत तिला हसू आवरेना. दारातूनच ओरडली, "अहो, मिळाली! जागा मिळाली! आता खुशाल मरा!"

आत कोच्चच्चन, म्हणजे चर्चचा धाकटा पाद्री, मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी पिशवीत ठेवत होता. पोरिंचूचं कपाळ तेलानं चकाकत होतं.

"अभिनंदन, चेडत्ती," कोच्चच्चन म्हणाला. "कबुली झाली. आता त्यांना पुढेच जागा." आणि सायकलवर टांग मारून तो गेला.

कुंजन्नम मटकन खाटेवर बसली. काय झालं ते तिनं सांगितलं, आणि पोरिंचू खोकत खोकत हसला.

"आता उद्या जा आणि माफी माग त्या इरिम्पनची."

"कशाची मागू? खोटं काय बोलले मी?"

"बघ! मला इतकी वर्षं टोचत होतीस ना, तोंडानं नुसतं म्हणायचं म्हणून?"

बाहीनं तिनं नाक पुसलं. मग एकदम भडकून म्हणाली, "आणि तुम्ही मग कसे म्हणालात? पक्षाबद्दल माफी मागितलीत? तुम्ही?"

"छट्!"

"मग कसली कबुली दिलीत?"

पोरिंचूनं तिचा हात चाचपून धरला.

"तुला त्या बाकावर एकटी ठेवून आलो," तो म्हणाला. "तेवढं एकच पाप होतं माझ्याकडे."