मार्सेलीनचं नाक

द्राक्षं सडली म्हणून फ्रान्सच्या सोतेर्न गावात सगळे खुशीत होते. वेलावर बुरशी चढून दाणा आक्रसला, की त्यातूनच आमची मधासारखी गोड वाइन होते. फक्त सड चांगली हवी. आंबट सडीचे चार दाणे पिंपात गेले, तर सगळ्या रसाला व्हिनेगरचा वास, मग बसा बोंबलत.

अडुसष्ट वर्षांची मार्सेलीन एकतीस हंगाम या जुन्या मळ्यात एकेक दाणा वेचत आली होती. यंदा तिला नीट दिसत नव्हतं. ते तिने कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण कळलं की वेलांतून थेट स्वयंपाकघरात रवानगी, बटाटे सोलायला. ती नाकाने आणि बोटांनी वेचत होती.

वेचणीच्या तिसऱ्या फेरीच्या सकाळी, नदीवरचं धुकं विरत असताना, मुकादम सोलांज तणतणत आली. "कालच्या टोपल्यांत आंबट दाणे निघालेत! आज प्रत्येकाच्या मागे उभी राहणार आहे मी." आणि उभी राहिली ती नेमकी मार्सेलीनच्याच मागे. म्हातारी एक घड हुंगून पुढे सरकली.

"मावशी, हा सोनेरी घड का सोडलात?"

"सोडला."

"अहो, किती छान सडलाय! डोळे आहेत की बटणं?"

"वास घे की, भवाने. शिकवलं होतं ना तुला?"

सोलांजने दाणा चिरडून नाकाशी नेला. व्हिनेगर! तिचा चेहरा पडला. "काल घाईघाईत असलेच घड मी कापायला लावले," ती हळूच म्हणाली. तेवढ्यात तिला मार्सेलीनची बोटं वेलावर चाचपडताना दिसली.

"मावशी, माझा रुमाल कुठल्या रंगाचा आहे?"

"लाल. नेहमीचाच."

रुमाल आज निळा होता. सोलांजने तो सोडून तिच्या डोळ्यांसमोर धरला, तेव्हा मार्सेलीन समजली. तिने कात्री टोपलीत टाकली. तिला रडू फुटलं.

"कुठेत तुझे बटाटे?"

"बटाटे? तुम्ही सोललेत तर सालंच खावी लागतील आम्हाला." सोलांजने तिचा हात धरला. "ओळीच्या टोकाला बसायचं. प्रत्येक टोपली आधी तुमच्या नाकाखालून जाईल, मग पिंपात. आणि गुरुवारी बोर्दोला डोळे दाखवायला मी नेणार. नाही म्हणायचं नाही."

मार्सेलीनने बाहीला नाक पुसलं. आता ते जपायला हवं होतं.

"खुर्ची उन्हात ठेव," ती म्हणाली. "आणि पहिली टोपली तुझी आण."