दूध कुठून येतं?

सत्त्याण्णव साली माझ्या लेकीच्या, वैभवीच्या, शारजातल्या शाळेत पहिलीच्या सहा तुकड्या होत्या, ए ते एफ. ए म्हणजे पक्की इमारत आणि अनुभवी टीचर. एफ म्हणजे मैदानाच्या टोकाची पत्र्याची पोर्टा केबिन, आणि नववीत गेल्यावर "दहावीला बाहेरून बसवा" अशी चिठ्ठी. एफमध्ये कोण जायचं, तर ज्यांना स्वतःला धड इंग्रजी येत नाही अशा आईबापांची मुलं. म्हणजे आमची. नवरा परेश बांधकामाच्या साइटवर फोरमन, मी चिपळूणची दहावी पास. पण पोरगी एमध्ये बसवायचीच, असा मी चंग बांधला होता.

तुकडी ठरवणाऱ्या तोंडी परीक्षेला मी दाराबाहेर कान टवकारून उभी होते.

"हाउ मेनी सीझन्स?" टीचरनी विचारलं.

"टू. एसी ऑन अँड एसी ऑफ."

मी दाराला आणखी चिकटले.

"व्हेअर डझ मिल्क कम फ्रॉम?"

"शौकत अंकल. वी फोन, ही कम्स."

शौकत म्हणजे अल मजाज भागातल्या आमच्या बिल्डिंगखालचा ग्रोसरीवाला. तुकडी मिळाली एफ.

मी तणतणत सुपरवायझरकडे गेले. "मॅडम, आन्सर गलत कहाँ है? शारजा में चार सीझन दिखाओ मुझे!"

"सही होगा," त्या शांतपणे म्हणाल्या, "लेकिन हमारे आन्सर शीट में नहीं है."

शेवटी मी रडकुंडीला आले, तेव्हा कुठे त्यांनी शनिवारी रीटेस्ट दिली.

मग तीन दिवस घरात घोकंपट्टी. ऋतू चार, दूध गायीचं.

"बट मम्मा, आय हॅव नेव्हर सीन अ काऊ."

"बघायची नाहीये, बोलायचीय!" मी खेकसले.

शनिवारी पोरगी धडाधड बोलली. तुकडी मिळाली ए! आनंदाच्या भरात मी घरी येताच बासुंदीसाठी तीन लिटर दूध मागवलं. नेमकी लिफ्ट बंद. पाच मजले चढून शौकत धापा टाकत आला. वैभवीनं दार उघडलं आणि तिचा चेहराच पडला.

"सॉरी अंकल," ती म्हणाली. "आय टोल्ड टीचर, काऊ ब्रिंग्ज इट."

शौकतला काही कळेना. घाम पुसत तो हसला. "कोई बात नहीं, बेटी."

मला मात्र लाज वाटली. खरं बोलल्याबद्दल मी तिच्यावर खेकसले होते. शौकतला आत बसवून पाणी दिलं, बासुंदीचं आमंत्रणही दिलं. तो गेल्यावर वैभवी माझ्या गाऊनला धरून हळूच म्हणाली, "मम्मा, इन ए सेक्शन, कॅन आय से शौकत अंकल?"

"तिथे नको गं," मी म्हटलं. "घरी म्हण."