प्रस्तावातले तीन फण

मी नीबोर्ड बोलतोय. नाव ऐकून घाबरू नका. बोरी अरब गावच्या लोकांनी ते पहिल्याच दिवशी बाजूला टाकलं आणि मला ‘पाट’ म्हणायला सुरुवात केली. माझ्यावर गुडघे टेकून बसायचं आणि लाटेवरून घसरत जायचं, एवढंच माझं काम. जन्म ऑस्ट्रेलियातला, समुद्रकाठचा. तिथून मी यवतमाळ जिल्ह्यात आलो, जिथे तलावात म्हैस उतरली की उठते तेवढीच काय ती लाट.

मला आणलं सलीलने. यवतमाळच्या यज्ञेश्वररावांचा हा मुलगा तिकडे शिकायला गेला होता. काय शिकला ते मला ठाऊक नाही, पण परत येताना पदवीपेक्षा मला जास्त जपत होता.

ते दिवस कापसाच्या हालाचे होते. भाव पडलेला, उभं पीक लाल होऊन गेलेलं. रोज कुणीतरी मोटारीतून येऊन शेतकऱ्यांना जोडधंदा सुचवून जायचं. कुणी ससे सुचवले, कुणी मधमाश्या. कापसाला धड भाव द्यावा, एवढं सोडून सगळ्यांना सगळं सुचत होतं. यज्ञेश्वरराव कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि फायलीवाचून त्यांना घर खायला उठत होतं. त्यांनी मला पाहिलं आणि बोरी अरबच्या तलावावर जलक्रीडा केंद्र काढायचा प्रस्ताव ठोकून दिला. मंजुरी देणाऱ्या समितीला तो फारच आवडला. समितीत पोहता येणारं कुणीच नव्हतं.

केंद्रात मदतनीस म्हणून एक जागा निघणार होती. त्या जागेवर गावातल्या कापूसकरी पुंडलिकरावांच्या मुलीचा, निकिताचा डोळा होता. ती त्याच तलावात पोहायला शिकलेली. कापूस बुडाला आणि तिचं बी. ए. दुसऱ्या वर्षाला अडलं. आता दिवाळीनंतर तिचं लग्न उरकून टाकायचं घरात घाटत होतं. नोकरी लागली तर लग्न लांबणार, शिक्षण पुढे जाणार. तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर माझ्यावर बसून प्रात्यक्षिक करून दाखवायचं, की जागा तिची.

आता माझ्या पोटाकडची गोष्ट सांगायला हवी. तिथे पाच खाचा आहेत. त्यांत फिन बसवतात, म्हणजे पाण्यात दिशा धरून ठेवणारी पाती. एक बसवा, दोन, तीन, चार, जशी गरज तशी. पुंडलिकरावांनी ती पाहताच म्हटलं, “हे तं फण हाय, तिफणीचे असतेत तसे.” पेरणीच्या अवजाराशी माझं नातं जुळलं आणि फिनचे कायमचे फण झाले.

सलीलचं मत चार फणांचं. “स्पीड मिळतो, आणि लाटेच्या भिंतीवर ग्रिप राहते,” तो म्हणाला. भिंत कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही, परदेशात शिकलेल्या माणसाला असं विचारत नसतात. यज्ञेश्वररावांनी तीनच ठरवून टाकले होते. त्यांचा हिशेब सरळ होता: एक लिहिला तर दरिद्री वाटतं, चार लिहिले तर साहेब शंका काढतात, तीन मंजुरीला बरे. प्रस्तावात त्यांनी तीन लिहूनही टाकले.

तालमीला मोटरबोट हवी होती. ती मंजूर होती, आलेली नव्हती. मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणला. पुंडलिकराव तो तलावाच्या पाळीवरून चालवणार आणि दोर धरून निकिता पाण्यात माझ्यावर. चार फण लावले, तर वीस पावलांत पाणगवताचा हा भारा गुंतला आणि आम्ही दोघं उलटे. तीन लावले, तर अर्ध्या तलावात तेच.

“बाबा, तनाच्या वावरात तिफण चालवली तं काय होते?” निकिताने ओठांवरचा चिखल पुसत विचारलं.

“फणाले गवत गुंतते. बैल थांबते.”

“मंग इथं काहून वेगळं होईन?”

तिने मधला एकच, सगळ्यांत आखूड फण ठेवला. आम्ही गवतावरून सरकत तलावाच्या त्या टोकाला लागलो. खरं सांगतो, समुद्रावरही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

“पण प्रस्तावात तीन गेलेत,” यज्ञेश्वरराव म्हणाले.

“काका, प्रस्ताव पाण्यात उतरत नाही ना. मले उतरा लागते.”

प्रात्यक्षिकाच्या दिवशी तिने कुणालाही न विचारता एकच फण लावला. पाळीवर मंडप, खुर्च्या, साहेब. ट्रॅक्टर सुटला आणि ओढणी कमरेला खोचलेली निकिता तीरासारखी गेली. थेट त्या टोकाला. आयाबाया उभ्या राहून ओरडत होत्या. पुंडलिकराव ट्रॅक्टरवर बसल्या बसल्याच रडले.

साहेबांनी मला उलटं केलं आणि मोजलं.

“एकच? इथे तीन लिहिलेत.”

“साहेब, तुमी पाह्यलं ना मी पोचली ते?”

“पाहिलं. छान गेलीस, मुली. पण तपासणीच्या तक्त्यात फणांची संख्या आहे, पोचण्याचा रकाना नाही.” माणूस वाईट नव्हता. ज्या गोष्टीला रकाना नाही ती त्याला दिसत नव्हती, इतकंच. “तीन लावून पुन्हा करा.”

निकिताने बापाकडे पाहिलं. मग मुकाट्याने उरलेले दोन फण बसवले. किल्लीने ते घट्ट आवळले आणि दोर धरून ती पुन्हा पाण्यात उतरली. अर्ध्या तलावात गवत गुंतलं, मी गचकन थांबलो आणि ती तोंडावर आपटली. ती गाळातून वर येईपर्यंत इकडे शेरा लिहून झाला होता: ‘प्रात्यक्षिक प्रस्तावानुसार यशस्वी.’ टाळ्या वाजल्या. सलीलने फोटो काढला.

दिवाळीआधी नेमणुकीचा कागद आला. लग्न लांबलं, बी. ए.चा अर्ज भरला गेला. मला आनंद झाला नाही असं कसं म्हणू?

आता मी केंद्राच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकून असतो. पोटाशी तीन फण आणि पाठीवर रंगाने घातलेला क्रमांक. बोट अजून मंजूरच आहे. निकिता अभ्यासाची पुस्तकं घेऊन दाराशी बसते, पण त्या दिवसाचं कुणी कौतुक केलं की मान फिरवते. लोक कौतुक करतात ते फोटोतल्या पडण्याचं. तेच कागदावर आहे, नोकरीही त्यावरच मिळाली.

म्हणून हे सगळं सांगायला बसलो. वाचणाऱ्या बाबांनो, बायांनो, तुमच्याकडे रकाना असेल तर लिहून ठेवा. ती पोचली होती. मी तिच्या गुडघ्यांखाली होतो.