नाना गेले, बाकी समक्ष

“माझ्या पत्राला उत्तर आलं नाही, असं बत्तीस वर्षांत एकदाही घडलेलं नाही,” भाऊ म्हणाले. भाऊ म्हणजे मुलुंडला विद्याधरच्या शेजारच्या खोलीतले रिटायर्ड हेडक्लार्क.

उत्तर आलंच. आठव्या दिवशी. गिरगावातले प्रकाशक श्यामसुंदरराव यांनी कळवलं होतं : ‘आपला अर्ज मिळाला. सध्या आमच्याकडे कारकुनाची जागा रिकामी नाही.’

विद्याधरनं अर्ज केलाच नव्हता. त्यानं कादंबरी लिहिली होती. ऑफिसातून आल्यावर, तीन वर्षं, नऊ वह्या. दुसरी प्रत नाही. पण भाऊंनी सांगितलेल्या पत्रात ‘नम्र विनंती’ सात वेळा होती आणि कादंबरी एकदाच, तीही ‘उपरोक्त विषय’ म्हणून.

“आणखी एकदा लिहून बघा,” विद्याधरची बायको कुंदा म्हणाली. “नाहीतर दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला या वह्या बंबात घालीन. सांगून ठेवते.”

ती नुसती बोलली नाही. तिनं वह्या कॉटखालून काढून मोरीत बंबाशेजारी नेऊन ठेवल्या. त्या दिवसापासून विद्याधर अंघोळ भराभर उरकायला लागला.

“चूक कळली,” भाऊ म्हणाले. “लांबलं. आता कार्ड टाकू. पाकीट बाजूला ठेवता येतं, कार्ड हातात आलं की वाचलंच जातं. आणि हे वरचं श्री, साष्टांग नमस्कार, सगळं काढ. माणूस कामाचा दिसला पाहिजे.”

“मी कोण ते?”

“समक्ष गेलास की दिसशीलच.”

“पण कादंबरी आहे हे तरी…”

“तो शब्द दिसला की प्रकाशक पुढे वाचतात होय रे? फक्त गोष्ट सांग. अर्धीच.”

विद्याधरनं लिहिलं : ‘नाना गेले. विहिरीपाशी सापडले. कसे, ते घरात कोणालाच माहीत नाही. बाकी शनिवारी दुपारी समक्ष. विद्याधर, मुलुंड.’

कोपऱ्यावर शाई सांडली. भाऊंनी तेवढा कोपरा नीट फाडून टाकला.

कुंदानं कार्ड पाहिलं आणि हात मागे घेतला. “अहो, वर श्री नाही, कोपरा फाडलेला. असलं कार्ड मयताचं असतं. लोक ते उंबऱ्याबाहेर वाचतात आणि फाडून अंघोळीला धावतात. आधी ते घराबाहेर न्या!”

“मुली, छप्पन साल चालू आहे,” भाऊ म्हणाले. “शिकलेली माणसं हे मानत नाहीत.”

नाक्यावर पोस्टमन धाकू भेटला. त्यानं कार्ड दोन बोटांत धरलं. “कोण गेलं, साहेब?”

“नाना.”

“अरेरे! चांगली माणसंच जातात,” धाकू म्हणाला आणि त्यानं टोपी काढली.

“बघितलंस?” भाऊ विद्याधरच्या कानाशी म्हणाले. “पोस्टमन हळहळला. प्रकाशकाचं काय होईल!”

शनिवारी दुपारी विद्याधर नऊ वह्या पंच्यात बांधून गिरगावात पोचला. श्यामसुंदररावांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आपली गोष्ट ऐकायला एवढी माणसं! दारात त्यांच्या भावजय, नीलावहिनी, उभ्या होत्या. डोळे लाल.

“वह्या आहेत,” विद्याधर म्हणाला.

“द्या इकडे,” म्हणत त्या गाठोडं घेऊन आत गेल्या.

श्यामसुंदरराव वेंगुर्ल्याला काकांच्या घरी तार करायला गेले होते. विद्याधर सतरंजीवर बसला. तासभर हेच चाललं होतं : एकेक जण उठून आत जाई आणि ओल्या केसांनी बाहेर येऊन बसे. आत कुठेतरी धूर होत होता.

शेवटी श्यामसुंदरराव आले. “कार्ड तुम्हीच टाकलंत?”

“हो.”

“नानाकाकांचे फार हाल झाले का हो?”

विद्याधरला भरून आलं. त्याचा पहिला वाचक! “छे, छे. एकाच घावात.”

“घाव?”

“कोयत्याचा. बायकोनं घातला.”

“काकूनं?” कोपऱ्यातली एक म्हातारी ओरडली. “तरी मी लग्नातच म्हणत होते!”

“पण हे नवव्या वहीपर्यंत कोणाला कळत नाही,” विद्याधर म्हणाला.

“कसली वही?”

विद्याधरनं सांगितलं. मग त्याला दार किती लांब आहे ते बघावंसं वाटलं. दोघे जण दाराकडे जाऊन उभेही राहिले. श्यामसुंदररावांनी त्याची कॉलर धरली.

आणि धरून तसेच थांबले.

“कोयता कुठे सापडतो?”

“सातव्या वहीत.”

“विहिरीत?”

“नाही. देवघरात.”

श्यामसुंदररावांनी कॉलर सोडली. “छापतो,” ते म्हणाले. “आधी वाचतो, आत्ता. कुठायत वह्या?”

“दारात वहिनींनी घेतल्या.”

श्यामसुंदररावांचा चेहरा उतरला. त्यांच्या घरी कोणी परत न नेलेली हस्तलिखितं नीलावहिनीच हलवत, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी हलवत. दोघं मोरीकडे धावले.

आठ जणांच्या अंघोळी झाल्या होत्या. नीलावहिनींनी नववी वही बंबात सरकवली आणि श्यामसुंदररावांना सांगितलं, “चला, तुमचं पाणी तापलंय.”